दाजींचा उघडा कॉम्प्युटर

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू आधी उघडून बघितल्याशिवाय वापरलेली नाही. वस्तू नवी असो, जुनी असो, स्वतःची असो की दुसऱ्याची. तिचं झाकण निघाल्याशिवाय ती आपली झाली असं त्यांना वाटतच नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला इंदापूर, धंदा टायपिंग शिकवण्याचा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. लग्नात माझ्या वडिलांनी त्यांना घड्याळ दिलं होतं. पंगत बसली तरी नवरदेव कुठं दिसेना. शोधाशोध केल्यावर ते जानवसघराच्या खिडकीपाशी सापडले. मुंडावळ्या कानामागं सारलेल्या, आणि अक्काच्या शालूची पिन घेऊन घड्याळाचं मागचं झाकण उचकटणं चाललेलं. मानपानात काही बिनसलं असं समजून वडील म्हणाले, "जावईबापू, घड्याळात काय खोट हाय का?" दाजी वर न बघताच म्हणाले, "खोट कशाची, मामा? जन्मभर हातावर बांधायचं, मग आत कोण ऱ्हातंय ते बघाय नको?" वडिलांनी जिलबी आणायला सांगितली.

तेव्हापासून बारामतीच्या आमच्या घरी दाजी येणार असं कळलं की माझी बायको आधी मिक्सर पलंगाखाली सरकवते आणि मग चहाचं आधण ठेवते. एवढी खबरदारी घेऊनही एका दिवाळीत तिची इस्त्री त्यांच्या तावडीत सापडलीच. इस्त्री व्यवस्थित चालू होती, हा तिचा एकमेव गुन्हा. दाजींनी पेपर अंथरला, इस्त्री सुटी केली, आतली अभ्रकाची पट्टी उन्हाला धरून बघितली, पुसली, आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. इस्त्री पहिल्यासारखीच तापली. फक्त पेपरवर दोन स्क्रू उरले. बायकोनं ते बोटानं दाखवल्यावर दाजी म्हणाले, "ते जास्तीचे हायेत, वैनी. कंपनीवाले उगा घालत्यात." पुढं महिनाभर बायको ती इस्त्री टॉवेलनं धरून कपड्यांवर फिरवायची. एकदा ताप आला म्हणून मी दाजींना आमच्या डॉक्टरांकडं नेलं, तर बाहेरच्या पेशंटांची कुरकुर सुरू झाली तरी हे आतून येईनात. डोकावून बघतो तो डॉक्टर आणि दाजी दोघंही टेबलावर वाकून रक्तदाबाच्या यंत्रातला पारा कुठून चढतो ते बघतायत. त्या नादात ताप मोजायचा राहून गेला, आणि दाजींचं म्हणणं असं की तो तिथल्या तिथं उतरला.

हे वेड आलं कुठून याचा मी बराच शोध घेतला. दाजींचे वडील मेंढरं राखायचे. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि शेतात ऊस उभा राहिला. पण दाजींचं लहानपण कळपामागं गेलेलं. मी स्वभावानं फेकून देणारा माणूस. छत्रीची काडी मोडली की मला नव्या छत्रीचे रंग दिसायला लागतात. यावरून आमची नेहमी जुंपायची. एकदा मी त्यांना म्हटलं, "दाजी, तीन रेडिओंचे तुकडे जोडून एक रेडिओ करण्यापेक्षा नवा घ्या की." त्यावर ते चिडले. म्हणाले, "पाव्हणं, आमचा बाप मेंढराचा मोडल्याला पाय कामट्या बांधून जोडायचा. म्हैन्यात मेंढरू कळपात चालाय लागायचं. आन तुमी मला वायर तुटली म्हणून टाकून द्या म्हणताय?" मी म्हटलं, "मेंढराला जीव असतो." दाजी म्हणाले, "मग रेडिओ काय मेल्याला असतो व्हय? बोलतोय की." पुढं त्या रेडिओवर पुणे केंद्र लावलं की मागून कुणीतरी कानडीत बाजारभाव सांगायचं, पण तो वाजायचा हे कबूल केलं पाहिजे.

त्यांचं इन्स्टिट्यूट स्टँडामागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत होतं. दहा टाईपरायटर, दोन बाकं, आणि भिंतीवर बोटं कुठं ठेवायची त्याचा तक्ता. पण पहिल्या आठवड्यात कुणाला बोट ठेवायला मिळेल तर शपथ. आधी मशीन उघडायचं. रोलर काढायचा, रिबिनीची चाकं काढायची, एकेका अक्षराची दांडी ब्रशनं साफ करायची आणि सगळं पुन्हा जोडायचं. नोकरीच्या परीक्षेसाठी घाईनं आलेल्या मुलांना हे म्हणजे छळ वाटायचा. एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले, "सर, पोराला टायपिंगला घातलंय, फिटर न्हाय करायचा." दाजी शांतपणे म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी मदीच दांडी अडकली तर तुमी येणार हाय का सोडवाय?" खरं सांगायचं तर दाजींची मुलं टायपिंगमध्ये बेताचीच असायची. पण यंत्र अडकलं म्हणून त्यांच्यातला कुणी रडत परत आल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही.

नव्वद साल उलटून गेल्यावर पुण्याहून पहिला कॉम्प्युटर आला. आला म्हणजे सुट्ट्या भागांत आला. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घ्या असं मीच सुचवलं होतं. पण 'तयार' हा शब्द दाजींना शिवीसारखा लागायचा. त्यांनी पुण्यात चार खेपा घातल्या, दुकानदारांशी वाद घातले, आणि एकेक भाग आणून घरीच जोडला. सगळे भाग ज्यात बसवले त्या पत्र्याच्या डब्याला बाजूचं एक झाकण होतं. ते दाजींनी कधीच लावलं नाही. अक्का त्यावर पापड वाळत घालायची. पुढच्या सहा-सात वर्षांत त्या डब्याचं पोट किती वेळा बदललं याची गणती नाही. मुख्य बोर्ड बदललं, मेमरी वाढवली, डिस्क मोठी केली, पंखा बदलला. जुनं काढलेलंही टाकून दिलं नाही, तेही कशाला तरी जोडलं. शेवटी मी विचारलं, "दाजी, यातलं पहिलं काय उरलंय?" दाजी म्हणाले, "डबा त्योच हाय. आन मी त्योच हाय. बाकी तुमचं तरी काय उरलंय पहिलं? केस गेलं, दोन दाढा गेल्या. तरी अक्का तुमाला भाऊच म्हणती न्हवं?" अक्का आतून मोठ्यानं हसली, म्हणून मी विषय बदलला.

या सगळ्या उद्योगात दाजींचा एकच खरा भागीदार होता, तो म्हणजे त्यांची मुलगी वैशाली. चार वर्षांची असताना ती बॅटरी धरायची, आणि आठव्या वर्षी बापाच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेत "आप्पा, उलटा फिरवताय" असं म्हणायची. कॉम्प्युटरची पदवी घ्यायला ती बारामतीत आमच्याकडं राहिली, पण शनिवार आला की पहिली एस.टी. धरून इंदापूर. शनिवार-रविवार बापलेकीचा डब्यात डोकं घालून कारभार चालायचा. पदवी झाल्यावर काटेवाडीच्या बाजूच्या एका दूध संकलन केंद्रासाठी तिनं त्याच उघड्या डब्यावर प्रोग्रॅम लिहिला. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, याची पावती मराठीत छापून यायची. म्हाताऱ्या गवळणींनी आपलं नाव छापलेली पावती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्यातल्या एकीनं ती कपाळाला लावली. ही बातमी फिरत फिरत पुण्याच्या एका कंपनीपर्यंत गेली आणि तिला पत्र आलं: दसऱ्यानंतरच्या सोमवारी प्रोग्रॅम चालवून दाखवा, पसंत पडला तर नोकरी. घरात पेढे आले. पण अक्काला, मला आणि दाजींना एक गोष्ट न सांगता कळलेली होती. त्या सोमवारी डबा नीट चालला, तर पोरगी पुण्याला जाणार. आणि हा डबा नीट चालवणं हे दाजींच्याच हातात होतं.

इथं मी माझं डोकं चालवलं. माझ्या एका मित्राचा मुलगा परदेशातून आला होता आणि आपला लॅपटॉप विकत होता. काळा, चकचकीत, वहीसारखा मिटणारा. बारामतीत तोवर लॅपटॉप पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. किंमत जबर होती. त्या पैशात दाजींच्या डब्याचं पोट तीनदा बदलून झालं असतं. पण पुण्याच्या साहेबांसमोर पोरीनं गोधडीत गुंडाळलेला डबा सोडायचा की ऐटीत लॅपटॉप उघडायचा, हा माझ्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. अर्धे पैसे मी घालतो म्हणालो, आणि लॅपटॉप दोन दिवसांच्या बोलीवर बघायला म्हणून इंदापूरला घेऊन गेलो.

दाजींनी हात धुतले, पंच्याला पुसले, आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मग तो उपडा केला. खालच्या बाजूला बारीक स्क्रू होते, पण त्यांच्या डोक्याला चांदणीसारखी खाच. दाजींच्या हत्यारांच्या पेटीतल्या चाळीस स्क्रू ड्रायव्हरांपैकी एकही बसेना. शिवाय एका स्क्रूवर कागदाची चिकटपट्टी: फाडल्यास हमी संपेल. दाजी ती पट्टी बराच वेळ वाचत बसले. "पाव्हणं," ते म्हणाले, "ज्यानं ह्ये केलंय त्यानं आपली परत गाठ पडायची न्हाय असं ठरवूनच केलंय." पण माणूस न्यायाचा. त्यांनी रविवार सकाळ त्या यंत्रावर घालवली. वीज गेली तरी ते दीड तास चाललं, तेव्हा दाजींनी मान डोलावली. इंदापुरात विजेचा हा लपंडाव रोजचाच होता. वजन हातानं तोलून बघितलं आणि म्हणाले, "दूध केंद्रावर न्यायचं तर ह्येच बरं. आपला डबा न्यायला बैलगाडी लागंल." पडदा बघून म्हणाले, "अक्षर किती ग्वाड हाय." मग त्यांनी कडेच्या सगळ्या फटी चाचपल्या. "मेमरी वाढवायची झाली तर? डिस्क गेली तर? पाच वर्षांनी ह्याची बॅटरी मेली आन कंपनीनं ती बनवायची बंद केली तर? सगळं चांगलं हाय, पर एक गेलं की सगळंच जाणार. डब्यात एक गेलं तर एकच जातंय." मी म्हटलं, "दाजी, ते पाच वर्षांनंतरचं. प्रश्न दसऱ्यानंतरच्या सोमवारचा आहे." ते म्हणाले, "मशीन वापरायचं तिला, नोकरी तिची. ती म्हणंल तसं."

वैशाली इतका वेळ उंबऱ्यावर बसून दोघांचं ऐकत होती. लॅपटॉपवरून तिनं हात फिरवला तेव्हा तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं, आणि दाजींनाही दिसलं असणार. कोणत्या पोरीला असं यंत्र हवंसं वाटणार नाही? पण मराठी अक्षरं पडद्यावर उमटवायला तेव्हा एक वेगळं कार्ड लागायचं. हातभर नाही पण वीतभर लांबीची हिरवी पट्टी, डब्याच्या पोटातल्या खाचेत उभी बसवायची. पुण्याच्या कंपनीकडं ते कार्ड नव्हतं, म्हणून तर त्यांनी स्वतःचं मशीन घेऊन या असं लिहिलं होतं. वैशालीनं ते कार्ड आणून लॅपटॉपशेजारी ठेवलं. "मामा, हे यात कुठं बसवायचं?" तिनं विचारलं. मी लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून बघितला. त्याला नवं काही पोटात घ्यायची सोयच नव्हती. दाजींना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते नुसते पायाकडं बघत राहिले. मी लॅपटॉप पिशवीत घातला.

दसरा आला. खंडेनवमीला घराघरांत कोयते, खुरपी, नांगराचे फाळ पुजतात, तशी दाजींकडं टाईपरायटरांची आणि कॉम्प्युटरची पूजा. तीही उघडून. देवाला आतलं दिसलं पाहिजे असा दाजींचा कटाक्ष. दहाही टाईपरायटरांची झाकणं काढलेली, डब्याच्या बाजूला झाकण नव्हतंच. त्या वर्षी पोरीच्या नोकरीचा प्रश्न, म्हणून अक्कानं जरा जास्तच मनापासून पूजा केली. डब्याला झेंडूची माळ, पंख्याला हळदीचं बोट, आणि "माझ्या लेकराला यश दे" म्हणून आत मूठभर अक्षता. दाजींनी दुसऱ्या दिवशी डबा फुंकून, झटकून, ब्रशनं साफ केला आणि प्रोग्रॅम चारदा चालवून बघितला. चारी वेळा पावती आली. पाचव्यांदा बघतो म्हणाले, तेव्हा अक्का म्हणाली, "अवो, आता ऱ्हाऊ द्या. चालतंय की." दाजी म्हणाले, "चालतंय म्हणूनच बघतोय." हे वाक्य त्यांनी कोणत्या अर्थानं म्हटलं ते अक्काला कळलं, आणि ती पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेली.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं स्वारगेटच्या गाडीत बसलो. मॉनिटर मी सांभाळला, वैशालीकडं कीबोर्ड, प्रिंटर आणि वायरी, आणि डबा गोधडीत गुंडाळून दाजींच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "आत काय हाय?" दाजी म्हणाले, "लेकीची नोकरी." कंडक्टरनं लगेजचं तिकीट न फाडता दोन घंटा दिल्या. भिगवणच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. गाडी एकेका खड्ड्यात उतरायची आणि दाजी डब्यासकट सीटवरून उठून उभे राहायचे, आदळ त्याला लागू नये म्हणून. पाटस येईपर्यंत ते बसलेच नाहीत. मी म्हटलं, "दाजी, थोडा वेळ मी धरतो." म्हणाले, "नको. माझ्या गुडघ्याला त्याची सवय हाय." वैशाली खिडकीबाहेर बघत होती. गोधडी अक्काच्या जुन्या लुगड्याची होती, आणि शेजारची शहरी बाई ती निरखत होती, हे त्या पोरीला टोचत असावं.

कंपनीच्या गार खोलीत टेबलाभोवती चार माणसं, त्यांच्या प्रमुख एक चष्मेवाल्या बाई. आम्ही गोधडी सोडली. डबा जोडला, बटण दाबलं, प्रोग्रॅम सुरू झाला, आणि पडद्यावर मराठीच्या जागी नुसते चौकोन आणि फराटे उमटले. दाजी अर्धवट उठले, खिशाकडं हात गेला, आणि पुन्हा बसले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. त्या माणसाला आयुष्यात इतकं अवघड काम कधी करावं लागलं नसेल. वैशालीनं मशीन बंद केलं, वायर काढली, आणि डब्यात हात घातला. मराठीचं कार्ड खड्ड्यांनी अर्धं वर आलं होतं. तिनं ते दाबलं तर खाली जाईना. पूर्ण काढलं, खाचेत वाकून बघितलं, केसातली पिन काढली आणि आतून काहीतरी टोकरून तळहातावर घेतलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा. कार्ड बसलं, पडदा उजळला, आणि प्रिंटरनं कराकरा आवाज करत मराठी पावती बाहेर काढली. बाईंनी आधी पावती बघितली आणि मग दाणा बघितला. "हे काय आहे?" वैशाली लाजली नाही. म्हणाली, "खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. आईनं अक्षता वाहिल्या होत्या." बाई हसल्या, पण मायेनं. त्या म्हणाल्या, "दूध केंद्रावर मशीनमध्ये गोठ्यातली माशी जाते, कडबा जातो, काय वाट्टेल ते जातं. आम्हांला ते काढणारं माणूस हवंच होतं. दिवाळी झाली की या."

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडायचा प्रयत्न केला. डब्याला झाकण असतं तर दाणा आत गेलाच नसता. दाजींच्या उघडेपणानंच घात केला होता. पण डबा उघडणारा नसता तर दाणा बाहेरही आला नसता. लॅपटॉप चांगला की डबा, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. हे मी दाजींना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "हात कसला चालला बगा पोरीचा. मला इचारलं बी न्हाय." त्यात अभिमान होता, आणि बाकी जे होतं ते लपवायला त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

वैशाली पुण्याला गेली. वर्षभरात कंपनीनं तिला लॅपटॉप दिला. तोवर मराठी अक्षरांना कार्डाची गरज उरली नव्हती. तो घेऊन ती गावोगावच्या केंद्रांवर फिरायची. घरी आणला तेव्हा दाजींनी त्याला नुसता हात लावला आणि परत दिला. तो एकदा बंद पडला, तर कंपनीनं दुसऱ्या दिवशी दुसरा दिला. दाजींनी विचारलं, "आन पहिला?" ती म्हणाली, "नेला असेल कुठंतरी." आणि त्यानंतर इंदापूरचा डबा आजारी पडायला लागला. महिन्यातून एकदा तरी दाजी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावायचे, "बाय, मशीन लईच टूं-टूं वरडतंय. मला काय गावंना." तिच्या आप्पांना मशीनमध्ये काही गवसत नाही हे ऐकून मी पहिल्यांदा चक्रावलो. वय झालं, असं मनाशी म्हणालो. शनिवारी वैशाली यायची, बापलेक डब्यात डोकं घालून बसायचे, आणि रविवारी ती जायच्या आत मशीन सुरू व्हायचं.

एका शुक्रवारी दुपारी मी काही कामानं इंदापूरला गेलो होतो. न सांगताच इन्स्टिट्यूटमध्ये शिरलो. मुलं जेवायला गेली होती. दाजी एकटेच डब्यापुढं उकिडवे बसले होते, आणि मेमरीच्या पट्टीच्या दोन्ही टोकांचे चिमटे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच बाहेर ढकलत होते. पट्टी वर आली. माझी सावली पडल्यावर त्यांनी मान वळवली. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "पाव्हणं, तुमी काय बी बघितलं न्हाय." मी म्हटलं, "नाही बघितलं." मग ते जरा सैल झाले. पंच्यानं हात पुसत म्हणाले, "तुमच्या त्या लॅपटॉपचं समदं चांगलं हाय. वजन न्हाय, लाईट गेली तरी चालतोय. पर त्यो बिघडला की कंपनी दुसरा देती. मग घरी कोण कशाला यील?" मी चहा सांगायला म्हणून बाहेर पडलो आणि बराच वेळ बाहेरच उभा राहिलो.

मी त्या खेपेला रविवारपर्यंत मुक्काम केला. शनिवारी वैशाली आली, आणि दुरुस्ती दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत चालली. आधी पंखा काढला, मग डिस्क, मग सगळ्या वायरी, दाजी बॅटरी धरून बसलेले, ती एकेक भाग त्यांना दाखवून विचारायची, "आप्पा, हे असं असू शकेल का?" आणि दाजी खुशीत खुलासा करायचे. सगळ्यात शेवटी मेमरीच्या पट्टीची पाळी आली. मशीन सुरू झालं तेव्हा दाजींनी अशी टाळी वाजवली की अक्का आतून धावत आली. दुपारी मी आणि दाजी वैशालीला स्टँडवर सोडायला गेलो. दाजी तिच्यासाठी पेरू घ्यायला गाड्याकडं गेले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "वैशाली, पट्टी सैल झाली एवढंच होतं ना? एवढा वेळ कसा लागला?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, ती पट्टी आपोआप निघत नसते. चिमटे हातानं सोडावे लागतात. मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. दोन मिनिटांचं काम आहे ते." थोडं थांबून म्हणाली, "म्हणून तर मी ते शेवटी करते."

दाजी पेरू घेऊन आले. गाडी लागली. ती चढली, खिडकीत बसली, आणि पेरूची पिशवी मांडीवर घेऊन हात हलवत राहिली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी दाजी तिकडंच बघत होते. मग माझ्या खांद्यावर हात टाकून, समाधान झालेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बेस झालं बगा, पाव्हणं. आता म्हैनाभर काय बिघडायचं न्हाय." मी हो म्हणालो, आणि आम्ही दोघं घराकडं चालायला लागलो.